शंभर ठोक्यांच्या पुढे

आमच्या घरात मी नेमकं काय करते हे कुणालाच सांगता येत नाही. सासूबाई विचारणाऱ्याला ‘लायटीचं शिकवती’ एवढं सांगून मोकळ्या होतात. बरीच वर्षं मी त्यांना दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. खरं उत्तर द्यायचं तर आलेल्या माणसाचा चहा गार होईपर्यंत बोलावं लागतं, आणि एवढं ऐकून तो शेवटी घरातला मिक्सर दुरुस्त कराल का विचारतो.

खरं उत्तर असं की मी सात वर्षं जिटर मोजण्याच्या पद्धतींची तुलना करत होते. मोबाईल घ्या, नाहीतर डेअरीतलं दुधाचं फॅट दाखवणारं यंत्र घ्या, आत एक लहानसं सर्किट अखंड ठोके देत असतं आणि बाकीचं सगळं त्या ठोक्यांवर चालतं. हे ठोके अगदी एकसारखे पडत नाहीत. एखादा किंचित लवकर पडतो, एखादा किंचित उशिरा. या पुढंमागं होण्याला जिटर म्हणतात. चिप बनवण्याआधीच तो किती येईल हे कॉम्प्युटरवर काढावं लागतं, कारण चिप बनल्यावर हात चोळत बसण्यापलीकडं काही करता येत नाही.

एका ठोक्याचा जिटर काढणं सोपं आहे. डोकं खातो तो साठत जाणारा. कोल्हापुरातून गगनबावड्याला निघालेली बस प्रत्येक थांब्यावर अर्धा-एक मिनिट इकडंतिकडं होते. शेवटच्या थांब्यावर ती किती चुकेल हे पहिल्या थांब्यावरून सांगता येत नाही. कधी मधले उशीर एकमेकांना खाऊन टाकतात, कधी सगळे एकाच बाजूला पडतात. मग हा आकडा काढायचे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे बसच्या शेकडो फेऱ्या करून प्रत्येक फेरीची नोंद घ्यायची. आमच्या भाषेत, सर्किटमध्ये नॉइज, म्हणजे विजेतली बारीक खरखर, घालून ते कॉम्प्युटरवर ठोक्यामागून ठोका चालवायचं. अशा एका रनला सात-साडेसात तास लागतात. दुसरा मार्ग म्हणजे एकच ठोका बारकाईनं तपासायचा आणि पुढचं सगळं सूत्रानं काढायचं. याला चार मिनिटं लागतात.

या दुसऱ्या मार्गात माझ्या गाईडांनी स्वतःची एक दुरुस्ती घातली होती. मी त्यांना सर म्हणायची, इथंही तेच म्हणते. सर्किटमधला काही नॉइज भराभर बदलतो आणि काही रेंगाळतो. मूळ सूत्र या रेंगाळणाऱ्या नॉइजपाशी लंगडं पडायचं. सरांनी वीस-एक वर्षांपूर्वी त्याला एक जोड दिली, त्यावर एक पेपर लिहिला, आणि मग ते सूत्र त्यांच्याबरोबर राहिलं. जिल्ह्यातल्या निम्म्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्तरांनी ते त्यांच्याच वर्गात वहीत उतरवून घेतलेलं होतं. पण हजारो ठोक्यांपर्यंत ते खरं उतरतं का, हे कुणी लांबच्या मार्गानं तपासलं नव्हतं, कारण तेवढा वेळ आणि तेवढी मशिनं कुणाकडं नव्हती. माझ्या प्रबंधाचं काम तेच होतं. सर दीड वर्षानं निवृत्त व्हायचे होते आणि त्याआधी त्यांना आपलं सूत्र सिद्ध झालेलं बघायचं होतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण नवीन आकडे घेऊन गेले की ते हातातला डबासुद्धा बाजूला सारायचे.

सर सीमेकडच्या गावातले, घरी किराण्याचं दुकान. बोलायचे मराठी, पण गणित करताना ओठांतल्या ओठांत कानडी मोजायचे. मला ‘अव्वा’ म्हणायचे. कानडीत हे आईला म्हणतात आणि लाडानं लेकीलाही. मी काही लाडात यायच्या वयाची नव्हते, दहावीतल्या मुलाची आई होते. तरी ते ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करते.

आमचं कॉलेज हातकणंगल्याच्या बाजूला, उसाच्या फडांना लागून. लॅबमध्ये वीस मशिनं आणि त्यांचे राजे म्हणजे लॅब असिस्टंट. त्यांना प्रिन्सिपलपासून पोरांपर्यंत सगळे मामा म्हणतात. पोरांनी मशिनांत गेम भरून, पेनड्राईव्हमधून व्हायरस आणून मामांना पार जेरीस आणलेलं होतं. शेवटी त्यांनी एक मशीन नीट तयार केलं, त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्या एकोणीस मशिनांवर उतरवली आणि सगळ्यांवर कुलूप घातलं. दिवसभर त्यात काहीही करा, मशीन बंद करून चालू केलं की ते पुन्हा पहिल्या दिवसासारखं. संध्याकाळी साडेपाचला मामा प्रत्येक रांगेतून फिरून मशिनं बंद करायचे आणि जाताना मेन स्विच खाली ओढायचे. हा नेम पंधरा वर्षांत चुकलेला नव्हता. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मीच पोरांना बजावते की डेस्कटॉपवर काही ठेवू नका, उद्या सापडणार नाही. हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझी कीव करताना हात आखडता घेता येईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला लॅब मिळाली. सकाळी साडेनऊला मी वीसही मशिनांवर रन लावायची, पाचला निकालाच्या फाईली पेनड्राईव्हवर घ्यायची, आणि मग मामा स्विच ओढायचे. असे चाळीस दिवस, म्हणजे आठशे रन. प्रत्येक रनमधून हजार-हजार ठोक्यांचे तुकडे पाडायचे, सगळे एकत्र टाकायचे आणि त्यांतून एक आकडा काढायचा, एवढं काम करणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. एकेक फाईल उघडून बघायचं काही कारण नव्हतं. सगळ्या फाईली एकाच आकाराच्या येत होत्या, आणि मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

आकडा आला. सूत्रानं काढलेल्या जिटरपेक्षा जेमतेम दोन टक्के वेगळा. सरांनी कागद हातात घेतला, वाचला, पालथा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढे आणले. नातू झाला तेव्हा या माणसानं डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले नव्हते. मामांना त्यांनी दोन दिले.

पावसाळाभर मी प्रबंध लिहिला. ऑक्टोबरात सरांनी शेवटची सूचना केली. प्रत्येक रनमध्ये नॉइज कुठल्या आकड्यापासून सुरू झाला त्याची यादी परिशिष्टात दे, म्हणाले, उद्या कुणालाही तेच रन करून बघता आले पाहिजेत. कॉम्प्युटरमधला नॉइज खरा नसतो. प्रोग्राम एक सुरुवातीचा आकडा घेतो आणि त्यावरून पुढचे आकडे पाडतो. तोच आकडा दिला तर तोच नॉइज येतो. म्हणून प्रोग्राम शेवटचा वापरलेला आकडा स्वतःकडं लिहून ठेवतो आणि पुढच्या रनला त्याच्या पुढचा घेतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. मी ते प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात सोप्या शब्दांत समजावूनही सांगितलं होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी यादी करायला घेतली. पहिल्या फाईलमधला आकडा लिहिला. दुसऱ्या फाईलमध्येही तोच. मला वाटलं, चुकून तीच फाईल उघडली. मग दुसऱ्या मशीनची उघडली, मग दुसऱ्या तारखेची, मग शेवटच्या दिवसाची. आकडा तोच. दोन फाईलींचे निकाल शेजारी शेजारी लावले तर ते शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. आठशे रन नव्हतेच. एकच रन होता आणि मी त्याच्या आठशे झेरॉक्स काढल्या होत्या.

मी स्वभावानं तापट आहे. सकाळी लॅबमध्ये गेले ती थेट मामांवरच घसरले. मशिनं रोज पहिल्यासारखी होतात हे मला कुणी सांगितलं का नाही, असं काहीतरी मी बोलले. मामांनी हातातला फडका खाली ठेवला.

“मॅडम, ही मशिनं रोज सकाळी कोरी उठत्यात. काल काय केलं त्यास्नी ठावं न्हाय. ही तर समद्यास्नी म्हाईत हाय की,” ते म्हणाले. “तुमचा प्रोग्राम त्यातच काय लिवून ठेवतोय, ही मला कुठनं कळायचं? तुमी कदी इचारलंच न्हाईसा.”

वीस मशिनं एकमेकांची नक्कल, सगळी रोज कोरी उठणार, रोज त्याच आकड्यापासून सुरू होणार. पेनड्राईव्हवर घेतलं नाही तर मशीनमध्ये काहीच उरत नाही हे पोरांना बजावणारी मी, आणि प्रोग्रामनं आपला आकडा लक्षात ठेवला असेल असं धरून चालणारीही मीच. मामांची माफी मी त्या दिवशी मागितली नाही, दोन दिवसांनी मागितली. तोवर त्यांनी कॉलेजच्या वर्कशॉपपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मॅडम लई ताणात हैत, वाटंला जाऊ नका.

सरांना मात्र लगेच सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये गेले, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. बस म्हणाले, पाणी दिलं.

“चूक छापायच्या आधी सापडली, अव्वा. परत कर,” ते म्हणाले. “सूत्राला काय होत न्हाय.”

दिवाळीच्या सुट्टीत लॅब पुन्हा मिळाली. या वेळी मामांनी मशिनांवरचं कुलूप काढलं. एकेक मशीन उघडताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू गोठ्यातली जनावरं दावं काढून रस्त्यावर सोडतायत. मी प्रत्येक मशीनला वेगळा सुरुवातीचा आकडा हातानं दिला. रन तुटू नयेत म्हणून मेन स्विच खाली ओढायचा नव्हता, म्हणून मामांनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि खडूनं ‘हात लावू नये’ असं लिहिलं. दिवाळीच्या दिवसांत ते एक दिवसाआड हातकणंगल्याहून मोटरसायकलवर येऊन मशिनं चालू आहेत का बघून जायचे आणि मला फोन करायचे. समदी चालू हैत, एवढंच सांगायचे. पाडव्याला सोबत करंज्यांचा डबा घेऊन आले आणि तो लॅबमध्येच विसरून गेले, तो मी नंतर पोचता केला.

सुट्टी संपता संपता आकडा हातात आला. यावेळी मी आधी प्रत्येक फाईल वेगळी आहे याची खात्री केली, मग एकत्र टाकल्या. दहा ठोक्यांपर्यंत सूत्र चोख. पन्नासला चोख. शंभरच्या आसपास हलायला लागलं. हजारावर सूत्र सांगत होतं त्यापेक्षा खरा जिटर जवळजवळ दीडपट होता. रेंगाळणारा नॉइज सरांनी धरला होता त्याहून जास्त वेळ रेंगाळत होता आणि मागच्या ठोक्याची चूक पुढच्या ठोक्याच्या अंगावर टाकत होता. उन्हाळ्यातल्या त्या एकाच रनमध्ये तो योगायोगानं गप्प बसला होता, म्हणून आकडा जुळला. मी तीन वेगवेगळ्या प्रकारे तपासलं. तिन्हींत तेच आलं.

आता इथं मला जे लिहायचं आहे ते मी बरीच वर्षं टाळलं. वाईट वाटायला हवं होतं, आणि मला आनंद झाला होता. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं अशी एक गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. सरांचं सूत्र बरोबर निघालं असतं तर मी त्या सूत्राला बरोबरची खूण करणारी एक बाई ठरले असते. ते चुकीचं निघाल्यानं मी कुणीतरी झाले होते. त्या रात्री मी छान झोपले.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी अकरा वाजता स्टाफरूममध्ये चहा चालला होता. सर होते, आमच्या डिपार्टमेंटचे दोन तरुण मास्तर होते, आणि कोपऱ्यात मामा कप गोळा करत होते. मी केबिनपर्यंत थांबायला हवं होतं. मी तक्त्याचा कागद थेट सरांच्या बशीशेजारी ठेवला.

“सर, शंभराच्या पुढं सूत्र चुकतंय,” मी म्हणाले. “हजारावर दीडपट.”

दोघांपैकी एक मास्तर हसला. सरांच्याच विद्यार्थिनीनं सरांचीच विकेट काढली, असं काहीसं तो बोलला. त्यात वाईट हेतू नव्हता, त्याला सगळ्यावरच हसायची सवय आहे. मीही हसले.

सरांनी कागद उचलला. पहिली ओळ वाचली, मग शेवटची, मग मधल्या. ओठ हलत होते, मोजणं चालू होतं. मशिनांवरचं कुलूप काढलं होतं का, विचारलं. काढलं होतं. आकडे वेगळे दिले होते का. दिले होते. मग त्यांनी कागदाची चार पदरी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, गार झालेला चहा पिऊन संपवला आणि कप स्वतः उठून नळाखाली धुतला. हे काम मामांचं होतं, आणि मामा तिथंच उभे होते.

“प्रकरण बदलून घ्या, मॅडम,” सर जाताना म्हणाले.

त्यांनी माझी अडवणूक केली असं कुणी म्हणू शकणार नाही. नवीन प्रकरण त्यांनी ओळ न ओळ वाचलं. सूत्र कुठं मोडतं हे मी मोघम लिहिलं होतं, ते त्यांनी खोडून नेमकं लिहायला लावलं. आपली जोड कुठल्या गृहीतकावर उभी होती आणि ते गृहीतक का टिकत नाही, यावर त्यांनी स्वतःच्या हातानं दीड पान टिपण लिहून दिलं. ते मी प्रबंधात घेतलं. नव्या वर्षात प्रबंध गेला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेच प्रकरण सगळ्यांत आवडलं. त्यांनी सरांकडं वळून विचारलं, हे सूत्र तुमचंच ना. खोलीत पंचवीस-तीस माणसं होती.

“व्हय, माझंच,” सर म्हणाले. “शंभर ठोक्यांपर्यंत चालतं.”

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मला पदवी मिळाली. घरी सासूबाईंनी गल्लीत सांगितलं की सून लायटीची डॉक्टर झाली.

महिन्याअखेरीला सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम झाला. सभागृहात पंखे होते तेवढे सगळे चालू होते आणि तरी लोक पत्रिकांनी वारा घेत होते. सरांना फेटा बांधला, शाल दिली, श्रीफळ दिलं. फेटा त्यांना जरा मोठा झाला होता आणि बोलताना ते तो सारखा मागं सारत होते. भाषण छान झालं. गावच्या दुकानात पोत्यावर बसून केलेला अभ्यास, पहिली नोकरी, कॉलेजची जुनी इमारत. मग ते म्हणाले की माझी खरी कमाई म्हणजे माझे पीएचडीचे विद्यार्थी, आणि त्यांनी एकेकाला उभं राहायला सांगितलं. पहिले आता पुण्यात असतात, ते खास आले होते. दुसरे इचलकरंजीच्या कॉलेजात. तिसरे, चौथे. प्रत्येकाचा विषय, त्याची एखादी गंमत, त्याच्या घरची चौकशी, आणि टाळ्या.

पाचवी मी. चौथ्याच्या टाळ्या संपता संपता मी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, पदर सावरला आणि खुर्चीवरून अर्धी उठले.

सरांनी कॅन्टीनवाल्यांचे आभार मानायला सुरुवात केली.

मी तशीच दोन क्षण अर्धवट उभी होते. कुणी पाहिलं नसावं. शेजारी मामा होते, त्यांनी पाहिलं. हळू आवाजात ते म्हणाले, “बसा मॅडम. इसरलं असतील.”

मी बसले. ज्या माणसानं वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन लक्षात ठेवलं होतं तो तीन आठवड्यांपूर्वीची तोंडी परीक्षा विसरत नाही. तक्त्याला जे द्यायचं होतं ते त्यांनी सगळं दिलं होतं, काही हातचं राखलं नव्हतं. मला द्यायचं त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तक्ता बरोबर होता आणि आजही बरोबर आहे, तो मी पुन्हा कुठल्याही दिवशी मांडेन. पण त्या सकाळी स्टाफरूममध्ये मला सरांना काही सांगायचं नव्हतं, मला जिंकायचं होतं. बाकीच्यांनी तक्ता पाहिला. माझं हसणं सरांनी पाहिलं.